ग्रॅम स्टेन करताना जिवाणूची भिंत कशी वाचावी

पहिल्या प्रॅक्टिकल परीक्षेत ग्रॅम स्टेन होता, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत, आणि माझी स्लाइड गुलाबी आली. सगळीच्या सगळी. मिश्रणात दोन जातींचे जिवाणू होते; एक जांभळा दिसायला हवा होता, दुसरा गुलाबी. परीक्षकांनी मायक्रोस्कोपवरून डोळा न उचलता विचारलं, "अल्कोहोल किती वेळ घातलंस?"

"रंग निघायचा थांबेपर्यंत, सर."

"आणि मग?"

"मग अजून थोडं. खात्रीसाठी."

ती खात्री मला आठ मार्कांना पडली. पुढे बरीच वर्षं मी हेच प्रॅक्टिकल शिकवलं आणि दर वर्षी वर्गात तिघं-चौघं तरी ते 'अजून थोडं' करताना पाहिली. पायऱ्या सगळ्यांना पाढ्यासारख्या येतात: क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोल, सॅफ्रॅनिन. पाढा बरोबर येतो आणि स्लाइड चुकते. रंग आपण सगळ्या जिवाणूंना सारखाच देतो. फरक पडतो तो रंग काढताना. तिथे कोण रंग सोडतो आणि कोण धरून ठेवतो हे त्याच्या पेशीभित्तिकेवर ठरतं. भिंत कशी बांधलेली आहे हे एकदा डोक्यात बसलं की पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत, आणि चुकलेली स्लाइड पाहून नेमकं कुठे चुकलं तेही कळतं. म्हणून खाली प्रत्येक पायरीपाशी थोडं थांबून, तिचा पेशीच्या कुठल्या भागाशी संबंध आहे ते सांगते.

नमुना म्हणून दातांवरचं कीटण घ्या, आणि स्वतःच्याच दातांवरचं. त्यासाठी काही वाढवत बसावं लागत नाही, एका टोकरणीत जिवाणूंचे दहा-बारा आकार मिळतात आणि नवं काही घरात आणलं असंही होत नाही. अनोळखी जिवाणू घरी डबीत वाढवायच्या फंदात मात्र पडू नका. एकाचे कोटी झाले की तो विषय वेगळा. कीटणाचा मान तसाही जुना आहे. डेल्फ्टच्या अंतोनी व्हान लेव्हेनहुकनं 1683 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्या दातांमधल्या पांढऱ्या थरात काय काय वळवळतं ते कळवलं होतं, चित्रांसकट. त्याच्याकडे रंग नव्हते, होतं ते स्वतः घासलेलं एक भिंग.

साहित्य मोजकं लागतं. स्वच्छ स्लाइड, लाकडी टूथपिक, पाणी, स्पिरिटचा दिवा, चार बाटल्या (क्रिस्टल व्हायोलेट, ग्रॅम्स आयोडीन, 95 टक्के अल्कोहोल, सॅफ्रॅनिन), इमर्शन ऑइल आणि 100 एक्सचं ऑब्जेक्टिव्ह असलेला मायक्रोस्कोप. हातमोजे घाला. मी कित्येक वर्षं घातले नाहीत आणि माझी बोटं कायम जांभळी असायची. दिवा विझवल्याशिवाय अल्कोहोलच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही, हा नियम मात्र मी एकदाही मोडला नाही, आणि वर्गातल्या कुणाला मोडूही दिला नाही.

स्मिअर: पातळ म्हणजे किती पातळ

स्लाइडवर पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवा. टूथपिकनं दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथलं थोडं कीटण काढून त्या थेंबात गोल गोल फिरवत रुपयाएवढा, पातळ थर पसरवा. जाता जाता गालाच्या आतल्या बाजूलाही एकदा हलकेच टूथपिक फिरवा; गालाच्या पेशी पुढे मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतात. थर वाळला की स्लाइड छापील कागदावर ठेवा. खालची अक्षरं वाचता आली तर थर ठीक. अक्षरं दिसत नसतील तर पुसा आणि नव्यानं करा. जाड थरात अल्कोहोल वरच्या पेशींपर्यंत पोचतं, खालच्यांपर्यंत नाही. मग एकाच जातीचे जिवाणू वर गुलाबी आणि खाली जांभळे दिसतात, आणि विद्यार्थी मोठ्या उत्साहानं 'मिश्र संसर्ग' असं लिहून मोकळे होतात.

वाळवायला घाई करू नका, फुंकरही मारू नका. पूर्ण वाळल्यावर, थर वरच्या बाजूला ठेवून, स्लाइड ज्योतीतून दोन-तीनदा झटकन पलीकडे न्या. मग तिची पाठ स्वतःच्या तळहाताच्या मागच्या बाजूला टेकवा. ऊब लागली पाहिजे, चटका नाही. या उष्णतेनं पेशीतली प्रथिनं गोठतात आणि पेशी काचेला चिकटतात. नाहीतर पहिल्या धुण्यातच नमुना नळाच्या पाण्याबरोबर मोरीत गेला म्हणून समजा. चटका बसेल इतकं तापवलंत तर भिंती तडकतात, आणि तडकलेली भिंत पुढे रंग धरत नाही. गुलाबी स्लाइडचं हे दुसरं कारण. पहिलं वर सांगितलंच.

क्रिस्टल व्हायोलेट: सगळ्यांना एकच रंग

दिवा विझवा. थरावर क्रिस्टल व्हायोलेट ओता, एक मिनिट थांबा.

या रंगाचे रेणू धनभारित असतात, तर जिवाणूचा पृष्ठभाग आणि आतला बराच माल ऋणभारित. त्यामुळे रंग आत ओढला जातो. इथे ग्रॅम पॉझिटिव्ह (शेवटी जांभळे राहणारे) आणि ग्रॅम निगेटिव्ह (शेवटी गुलाबी दिसणारे) असा काही भेद नाही. या टप्प्यावर स्लाइड पाहिलीत तर झाडून सगळे जांभळे दिसतील, तुमच्या गालाच्या पेशीसुद्धा. निदान एकदा तरी एक जादा स्लाइड इथेच थांबवून पाहा. मी वर्गात हे मुद्दाम करायला लावायचे, कारण 'ग्रॅम पॉझिटिव्हच जांभळा रंग घेतात' हा गैरसमज पुस्तक वाचून जात नाही, डोळ्यांनी पाहिल्यावर जातो.

धुताना स्लाइड तिरकी धरा आणि पाण्याची बारीक धार थराच्या वरच्या बाजूला पडू द्या. ती थरावरून वाहत खाली गेली पाहिजे, थेट थरावर आपटता कामा नये.

आयोडीन: आतल्या आत गाठ

आता ग्रॅम्स आयोडीन, पुन्हा एक मिनिट. आयोडीन पेशीत शिरतं आणि तिथल्या क्रिस्टल व्हायोलेटला जोडलं जाऊन मोठा, पाण्यात न विरघळणारा जोडगोळा तयार होतो. आत जाताना दोघं सुटे होते, लहान होते. बाहेर पडताना जोडीनं पडायचंय. अरुंद दारातून सुटे भाग आत न्यावेत आणि आतच कपाट जोडावं, तसं काहीसं. आता ते कपाट बाहेर काढता येतं की नाही, हे दारावर अवलंबून.

ही पायरी विसरली तर सगळी स्लाइड गुलाबी येते. तिसरं कारण. जुनं, फिकट पडलेलं आयोडीन वापरलं तरी तोच प्रकार होतो. चहाच्या रंगाचं द्रावण जाऊन पिवळसर पाणी राहिलं असेल तर बाटली बदला.

अल्कोहोलच्या आधी: दोन प्रकारच्या भिंती

इथे घड्याळ थांबवा, कारण सगळी गंमत या दोन भिंतींत आहे.

जिवाणूच्या पेशीत पाण्यात विरघळलेला माल बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून पाणी सतत आत घुसू पाहतं आणि आत दाब तयार होतो. हा दाब कित्येक ॲटमॉस्फिअर असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबापेक्षा जास्त, आणि काही ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंमध्ये तो 20 ॲटमॉस्फिअरच्या आसपास जातो. नुसतं पेशीपटल असतं तर पेशी केव्हाच फुटली असती. पटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर, जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाडीचा. त्याच्या बाहेरून पेप्टिडोग्लायकॅनची विणलेली पिशवी असते आणि ती हा दाब पेलते. विणकाम असं, की दोन प्रकारच्या शर्करा, एनएजी आणि एनएएम, आलटून पालटून ओवलेले लांब धागे, आणि शेजारशेजारच्या धाग्यांना अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांनी मारलेले टाके. अख्खी पिशवी म्हणजे एकच प्रचंड रेणू. पेशी वाढते तेव्हा तिला जुने टाके उसवून नवे घालावे लागतात, तेही आतला दाब तसाच असताना.

पेनिसिलिन नेमकं इथेच आडवं येतं. टाके घालणाऱ्या एन्झाइमला ते धरून बसतं. उसवणं चालू राहतं, घालणं थांबतं आणि पेशी स्वतःच्याच दाबानं फुटते. म्हणूनच ते वाढत्या जिवाणूंवर जास्त परिणामकारक, झोपलेल्यांवर नाही. आपल्या पेशींना भिंतच नसल्यामुळे तिथे त्याला काही कामच नाही. आपल्या अश्रूंत आणि लाळेत असलेलं लायसोझाइम टाक्यांच्या वाटेला जात नाही, ते धागाच कापतं. ते अलेक्झांडर फ्लेमिंगनं 1922 साली शोधलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी.

आता फरक पाहा. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूची ही पिशवी जाड असते, 20 ते 80 नॅनोमीटर, थरावर थर. तिच्यातून टायकोइक आम्लांचे धागे आरपार ओवलेले असतात. तिच्या बाहेर आणखी पटल नाही. ग्रॅम निगेटिव्हची पिशवी अगदीच झिरझिरीत, काही नॅनोमीटरचीच, पण तिच्या बाहेरून आणखी एक मेदाचं पटल असतं. म्हणजे आतलं पटल, बाहेरचं पटल, मधल्या पोकळीत पातळ पिशवी. त्या पोकळीला पेरिप्लाझम म्हणतात आणि तिथे पचनाची, वाहतुकीची प्रथिनं भरलेली असतात. पेनिसिलिन तोडणारी एन्झाइम्सही पुष्कळदा तिथेच दबा धरून असतात.

बाहेरचं पटल साधं नाही. त्याच्या बाहेरच्या अंगाला लिपोपॉलिसॅकराइड लावलेलं असतं. त्याचा आतला भाग, लिपिड ए, रक्तात गेला तर ताप, रक्तदाब कोसळणं, असले प्रकार होतात. जिवाणू मेला तरी लिपिड ए आपलं काम करतंच. पटलात जागोजागी पोरिन नावाची प्रथिनांची भोकं असतात, त्यांतून साधारण 600 डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू आत जातात. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक सुमारे 1450 डाल्टनचं आहे. ते भोकातून जात नाही, म्हणून ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंवर त्याचा उपयोग होत नाही. कल्चरचा, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याचा, निकाल यायला दिवस-दोन दिवस जातात. ग्रॅम स्टेन काही मिनिटांत सांगतो की समोरच्याला बाहेरचं पटल आहे की नाही, आणि त्यावरून कुठलं औषध आत शिरू शकेल याचा पहिला अंदाज बांधता येतो. नुसत्या जांभळ्या-गुलाबीसाठी डॉक्टर लॅबला फोन करून करून हैराण का करतात, ते यावरून कळेल.

अल्कोहोल: सेकंदांचा खेळ

स्लाइड तिरकी धरा. थराच्या वरच्या टोकाला थेंब थेंब अल्कोहोल सोडा. खाली गळणारे थेंब आधी गर्द जांभळे असतील. नजर त्या थेंबांवर ठेवा, घड्याळावर नको. थेंब जवळजवळ रंगहीन झाले की त्याच क्षणी पाणी. पातळ थराला बहुतेक वेळा 10 ते 20 सेकंद लागतात. अल्कोहोलऐवजी ॲसिटोन मिसळलेलं द्रावण असेल तर दोन-तीन सेकंदांत काम होतं आणि चुकायलाही तेवढाच वेळ लागतो. नवख्यांनी साधं अल्कोहोलच घ्यावं.

या सेकंदांत काय होतं? अल्कोहोलमध्ये मेद विरघळतो. ग्रॅम निगेटिव्हचं बाहेरचं पटल विस्कटतं आणि मागे उरते ती झिरझिरीत पिशवी. तिच्यातून क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीनचा जोडगोळा सहज वाहून जातो. ग्रॅम पॉझिटिव्हच्या जाड भिंतीतलं पाणी अल्कोहोल शोषून घेतं. भिंत आक्रसते, तिची छिद्रं बारीक होतात, आणि कपाट आतच अडकतं. म्हणजे अल्कोहोल एकाचं दार उघडतं आणि दुसऱ्याचं लावतं. पण लावलेलं दारही कायमचं नसतं. आणखी वेळ दिला की जाड भिंतीतूनही रंग झिरपतो. माझी 'खात्री' ती हीच.

उलट बाजूची चूक म्हणजे अल्कोहोल कमी घालणं. मग सगळं जांभळं. तुम्ही कुठल्या बाजूला चुकलात हे ओळखायला गालाच्या पेशी घेतल्यात ना, त्या आता कामाला येतात. माणसाच्या पेशीला भिंत नाही. म्हणून, थर फार जाड नसेल तिथे, तिचं केंद्रक शेवटी गुलाबी-लाल दिसायला हवं. केंद्रकं जांभळीच असतील तर अल्कोहोल कमी पडलं. त्या स्लाइडवरून कुणालाही ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणू नका.

सॅफ्रॅनिन

अर्धं ते एक मिनिट. धुवा, टिपकागदानं टिपा, घासू नका. रंग सोडून पारदर्शक झालेल्यांना दिसतं करण्यापलीकडे या पायरीचं काम नाही. जांभळ्या पेशीही सॅफ्रॅनिन घेतात, पण जांभळ्यावर गुलाबी कुठलं दिसायला?

ही पायरी हान्स क्रिस्टियन ग्रॅमची नव्हे, कार्ल वायगर्टनं ती नंतर जोडली. ग्रॅम हा डेन्मार्कचा डॉक्टर. 1884 साली बर्लिनमध्ये तो न्यूमोनियानं दगावलेल्यांच्या फुफ्फुसाचे काप पाहत होता, आणि त्याची अडचण अगदी साधी होती: जिवाणू आणि उतीतली केंद्रकं एकाच रंगात रंगायची. उतीचा रंग जावा आणि जिवाणूंचा राहावा एवढंच त्याला हवं होतं. काही जिवाणूंचाही रंग जातो, हे त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलं आणि पद्धत सदोष असल्याचंही लिहून ठेवलं. तो दोषच आज सबंध जिवाणूशास्त्राची पहिली पायरी आहे.

मायक्रोस्कोपखाली

आधी 10 एक्सवर थर शोधा. मग ऑब्जेक्टिव्ह बाजूला करून थरावर इमर्शन ऑइलचा एक थेंब ठेवा आणि 100 एक्सचं ऑब्जेक्टिव्ह त्या थेंबात उतरवा. काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वाकतो आणि वाया जातो. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच, 1.5 च्या आसपास, म्हणून तो सरळ भिंगात येतो. कंडेन्सर वर घ्या, डायफ्राम उघडा. रंगवलेल्या स्लाइडला भरपूर उजेड लागतो.

प्रथम गालाची पेशी शोधा. आडवी 50-60 मायक्रोमीटर असते, पसरट, मधोमध केंद्रक. तिच्यावर आणि आजूबाजूला जे ठिपके, काड्या दिसतात ते जिवाणू, एक-दोन मायक्रोमीटरचे. केंद्रकाच्या शेजारी जिवाणू पाहिला की दोन वेगळ्या संसारांतलं अंतर लगेच कळतं. एकाच्या नुसत्या केंद्रकात दुसऱ्याची वस्ती मावेल.

आता आकार आणि मांडणी पाहा. जांभळ्या गोल ठिपक्यांची माळ दिसली तर समजा, ही पेशी दर वेळी एकाच प्रतलात विभागते आणि पिल्लं सुटी होत नाहीत. घोस दिसला तर विभागणीचं प्रतल बदलत राहतं. ही मांडणी म्हणजे पेशी कशी दुभंगत आली याची नोंदच. विभागणीच्या जागी एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं कडं बसतं आणि तिथे नवी भिंत बांधली जाते. काडीचा आकार टिकवायला एमआरईबी नावाचं दुसरं प्रथिन मदत करतं. बहुतेक गोल जिवाणूंकडे ते नसतं. कीटणात तुम्हाला जांभळ्या माळा मिळतील, जांभळे लांब फांद्या फुटलेले तंतू मिळतील, दोन्ही टोकांना निमुळत्या गुलाबी चात्या मिळतील आणि लहान गुलाबी जोड-ठिपके मिळतील. नावं ठेवायची घाई करू नका. आकार आणि रंग एवढ्यावरून जात ठरत नाही, आणि 'हे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' असं स्लाइड पाहून छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी नेहमी कुठल्या अक्षरात लिहिलंय ते दाखव म्हणायचे.

जे रंगतच नाही ते

काही पेशींत मध्ये किंवा टोकाला काचेसारखी रिकामी जागा दिसेल, भोवती जांभळं. कीटणात क्वचित, पण मातीतल्या बॅसिलसच्या स्लाइडवर हमखास. तो बीजाणू, जिवाणूचं कठीण काळात तग धरणारं रूप. त्याच्या आवरणांत रंग शिरतच नाही. आत पाणी फार कमी, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरपूर. म्हणून उकळत्या पाण्यालाही तो दाद देत नाही आणि ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सियसला 15 मिनिटं ठेवावं लागतं. त्याला रंगवायचं तर मॅलाकाइट ग्रीन वाफेवर तापवून आत घुसवतात.

क्षयाच्या जिवाणूची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो, त्यामुळे ग्रॅमचे रंग त्याला नीट लागतच नाहीत. तिथे झील-नील्सन पद्धत. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, म्हणून त्याच्यावर पेनिसिलिनही चालत नाही. आणि ग्रॅम पॉझिटिव्हही जुने झाले, दोन-तीन दिवस तसेच पडून राहिले, की भिंती जागोजागी विरतात आणि स्लाइडवर अर्धे जांभळे अर्धे गुलाबी दिसतात. वाढवलेले जिवाणू वापरत असाल तर 18 ते 24 तासांचे घ्या.

कॅप्सूल, म्हणजे भिंतीबाहेरचं शर्करांचं बुळबुळीत पांघरूण, ग्रॅम स्टेनमध्ये दिसत नाही. त्यासाठी उलटं करावं लागतं: पार्श्वभूमी निग्रोसिननं काळी करायची, मग पेशीभोवती उजळ वलय उमटतं. हे पांघरूण असलं की पांढऱ्या पेशींना जिवाणू गिळता येत नाही. फ्रेडरिक ग्रिफिथनं 1928 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात कॅप्सूलवाला न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा जिवाणू) उंदराला मारायचा, कॅप्सूल नसलेला मारायचा नाही.

फ्लॅजेला, म्हणजे जिवाणूचे पोहायचे शेपटीसारखे धागे, 20 नॅनोमीटर जाडीचे. साधा मायक्रोस्कोप 200 नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवूच शकत नाही. शिवाय स्लाइडवरचा जिवाणू मेलेला. हालचाल पाहायची तर न रंगवलेला, न तापवलेला थेंब हँगिंग ड्रॉप पद्धतीनं (काचेला खालून लटकवून) बघा, डायफ्राम बारीक करून. सगळे एकाच जागी थरथरत असतील तर ते पाण्याच्या रेणूंचे धक्के, पोहणं नव्हे. एखादा सरळ सुटला, गिरकी घेतली, दुसरीकडे सुटला, तर तो पोहतोय. फ्लॅजेलाच्या मुळाशी पटलात बसवलेली मोटर असते, आणि बहुतेक जिवाणूंत प्रोटॉन आत वाहताना ती फिरते. हेच पटल मायटोकॉन्ड्रियाचं (आपल्या पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचं) काम करतं, कारण जिवाणूत मायटोकॉन्ड्रिया नसतात. श्वसनाची सगळी साखळी पेशीपटलावरच.

पडताळणीसाठी दोरा

रंगावर विश्वास बसत नसेल तर एक चाचणी आहे, आणि मला ती ग्रॅम स्टेनपेक्षाही आवडते. ती लॅबमध्येच करा, वाढवलेल्या कॉलनीवर (जिवाणूंच्या डोळ्यांना दिसणाऱ्या ठिपक्यावर). स्लाइडवर 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घ्या (त्वचा भाजते, हातमोजे आणि चष्मा हवाच), त्यात लूपभर (लूप म्हणजे टोकाला कडं असलेली तार) कॉलनी मिसळा, अर्धा-एक मिनिट ढवळा आणि लूप हळूच वर उचला. ग्रॅम निगेटिव्ह असेल तर लूपबरोबर बुळबुळीत दोरा वर येतो, सेंटीमीटरभर, कधी जास्त. ग्रॅम पॉझिटिव्ह असेल तर थेंब पाण्यासारखाच राहतो.

तो दोरा म्हणजे डीएनए. अल्कलीनं पातळ भिंत आणि पटलं फोडली आणि पेशीत दाबून बसवलेलं सगळं बाहेर आलं. ई. कोलायच्या एका गुणसूत्रात सुमारे 46 लाख बेस-जोड्या असतात. उलगडलं तर दीड मिलिमीटर भरेल, आणि ते मावतं दोन मायक्रोमीटरच्या पेशीत, पेशीच्या लांबीच्या सातशे-आठशे पट. केंद्रक नाही, पटलाची पिशवी नाही, नुसती न्यूक्लिऑइड नावाची गुंडाळी. तिच्याभोवती हजारो रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, 70 एसचे (एस म्हणजे ते किती वेगानं तळाशी बसतात त्याचं माप). आपले 80 एसचे. टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन ही औषधं जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाला जाऊन चिकटतात, एरिथ्रोमायसिन मोठ्या भागाला, आणि आपल्या रायबोसोमना बहुतांशी सोडून देतात. केंद्रकाचं पटल आड नसल्यामुळे जीनची नक्कल उतरत असतानाच रायबोसोम तिच्यावर बसून प्रथिन बनवायला लागतात. ग्रॅम स्टेनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. लूपला लटकलेल्या त्या दोऱ्यात मात्र कोट्यवधी पेशींचा हा ऐवज एकत्र हातात येतो. पहिल्यांदा तो वर ओढला गेला तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी लूप हातात धरून तशीच उभी राहिली. दोरा तुटेपर्यंत तिनं तो खाली ठेवला नाही.

वहीत काय लिहायचं

'ग्रॅम पॉझिटिव्ह' एवढंच लिहून वही बंद करू नका. रंग, आकार, मांडणी, बीजाणूसारखी रिकामी जागा आहे का, गालाच्या केंद्रकांचा रंग कोणता, हे सगळं एका ओळीत लिहा. आकृती पेन्सिलनं, दिसलं तशी काढा. पुस्तकातला सुबक कापलेला जिवाणू, फ्लॅजेला आणि रायबोसोमसकट, कुणाच्याही स्लाइडवर दिसलेला नाही. तो वहीत आला की तुम्ही डोळे मिटून काढलंय हे मला लगेच कळायचं.

वापरलेली स्लाइड आणि टूथपिक ब्लीचच्या पाण्यात टाका. मग 100 एक्सचं भिंग लेन्स पेपरनं टिपा. तेल वाळू दिलंत तर पुढच्याला सगळं धुक्यातून दिसेल. आणि तेल लावलेल्या स्लाइडवर 40 एक्स फिरवू नका. ते कोरडं भिंग आहे, त्याला तेल लागलं की साफ करायला अर्धा दिवस जातो.